फ्लुको दीडशे : एका गोळीभोवतीचे प्रश्न

उन्हाळ्यातली संध्याकाळ. मेडिकलच्या काउंटरवरची गर्दी ओसरेपर्यंत एक बाई बाजूला थांबून राहते. पुरुष गिऱ्हाईक पायऱ्या उतरलं की पुढे होते आणि आवाज खाली आणून म्हणते, “ती खाजंची गोळी द्या की भाऊ, मागल्या टायमाला नेली होती ती.” काउंटरवरचा मुलगा काही विचारत नाही. ड्रॉवरमधून एक छोटी पट्टी काढतो, कागदाच्या पुडीत घालतो, सुटे पैसे परत करतो. पट्टीच्या मागे बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेलं असतं की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावं. ते बाईला वाचता येत नाही आणि मुलाला वाचायची गरज वाटत नाही.

पट्टीत असते १५० मिलिग्रॅमची फ्लुकोनॅझोल, दुकानदारांच्या भाषेत ‘फ्लुको दीडशे’. लातूर आणि नांदेडच्या कुठल्याही पेठेत हे दृश्य अनोळखी नाही. बाईंचा अंदाज बरोबर असेल तर एका गोळीत काम होईल. चुकला असेल, तर आजार तसाच राहील आणि बाई महिनाभरानं पुन्हा काउंटरवर येतील. ही गोळी कुणी, कधी आणि किती विचारपूस करून द्यावी, यावर डॉक्टर, औषधविक्रेते आणि सार्वजनिक आरोग्यवाले यांच्यात एकमत नाही. त्या चर्चेचा हा आढावा.

‘फंगल’ म्हणजे नेमकं काय

बोलताना आपण सगळ्यालाच ‘फंगल’ म्हणतो. औषध निवडताना मात्र त्यातले प्रकार वेगळे करावे लागतात.

पहिला गट यीस्टचा, म्हणजे एकपेशीय बुरशीचा. कॅन्डिडा ही त्यातली मुख्य. ती आतड्यात, तोंडात, योनीमार्गात एरवीही थोडीफार असते. मधुमेह, गरोदरपण, अँटिबायोटिकचा कोर्स, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती घटणं, अशा कारणांनी तिला मोकळं रान मिळतं. बाळाच्या जिभेवरचा पांढरा थर, सतत पाण्यात काम करणाऱ्यांच्या बोटांमधल्या काही चिखल्या आणि योनीमार्गातली खाज व दह्यासारखा स्राव ही तिची नेहमीची रूपं. पाठीवर उठणारी शिबंही एका यीस्टमुळेच होतात, पण ती यीस्ट वेगळी.

दुसरा गट नायटा किंवा गजकर्णाचा. ही बुरशी यीस्ट नव्हे. ती त्वचेतल्या, केसांतल्या, नखांतल्या केराटिनवर जगते आणि तिच्यावरची पहिली पसंतीची औषधं वेगळी आहेत.

तिसरा गट २०२१ च्या उन्हाळ्यात सगळ्यांना माहीत झाला: म्युकरमायकोसिस, ‘काळी बुरशी’. कोविडमधून उठलेल्या, साखर वाढलेल्या रुग्णांचे डोळे आणि जबडे तिनं नेले. तिच्यावर फ्लुकोनॅझोल चालत नाही. तिथे शस्त्रक्रिया आणि ॲम्फोटेरिसिन बी लागतं. एकाच गोळीकडे सगळ्या बुरशींवरचा इलाज म्हणून पाहणं किती चुकीचं आहे, हे सांगायला एवढं एक उदाहरण पुरे.

मलमापासून गोळीपर्यंत

बुरशीवरची औषधं जिवाणूंवरच्या औषधांपेक्षा उशिरा आली, आणि त्याला कारण आहे. बुरशीची पेशी रचनेनं माणसाच्या पेशीच्या बरीच जवळची आहे. बुरशीला मारणारं आणि माणसाला न दुखावणारं औषध शोधणं म्हणून अवघड जातं.

१९५० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या प्रयोगशाळेत एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन यांनी निस्टॅटिन शोधलं. या प्रवासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्याच मातीतल्या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन मिळवलं. त्या जीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरी आजही आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. पण निस्टॅटिन आणि हॅमायसिन ही मुख्यतः जिथल्या तिथे वापरायची औषधं होती. ती पोटातून रक्तात फारशी उतरत नाहीत.

पोटातून घ्यायचं, अनेक बुरशींवर चालणारं औषध म्हणून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कीटोकोनॅझोल आलं. त्यानं यकृताला होणारी इजा पुढे इतकी ठळक झाली की २०१३ मध्ये युरोपच्या औषध यंत्रणेनं बुरशीसाठी त्याच्या गोळ्या थांबवायला सांगितलं आणि अमेरिकेनं त्यांचा वापर अगदी मर्यादित केला. दरम्यान इंग्लंडमधल्या सँडविच गावातल्या फायझरच्या प्रयोगशाळेत फ्लुकोनॅझोल तयार झालं होतं. ते पोटातून ९० टक्क्यांहून अधिक शोषलं जातं, जेवणाआधी घेतलं की नंतर यानं फरक पडत नाही आणि ते शरीरात बराच काळ टिकतं. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे ३० तास लागतात. योनीमार्गाच्या साध्या संसर्गाला एक गोळी पुरते ती यामुळे. अमेरिकेत या एका गोळीच्या उपचाराला १९९४ मध्ये परवानगी मिळाली.

आज हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारताच्याही अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते स्वस्त आहे आणि दुकानादुकानांत मिळतं. वादाची सुरुवात या सहज मिळण्यापासून होते.

पहिली भूमिका : गोळी हाताशी असू द्या

ही बाजू मांडणाऱ्यांचा मुद्दा सरळ आहे. जगात सुमारे तीन चतुर्थांश स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी योनीमार्गाचा यीस्ट संसर्ग होतो. ब्रिटनमध्ये १६ ते ६० वर्षांच्या स्त्रीला ही एक गोळी फार्मासिस्ट चिठ्ठीशिवाय देऊ शकतो. मग आपल्याकडे तिला दवाखान्याच्या रांगेत का उभं करायचं?

मराठवाड्यात या युक्तिवादाला जास्त वजन येतं. किनवट तालुक्यातल्या एखाद्या वाडीहून नांदेड शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं, घरात कारण सांगावं लागतं. तपासणारे पुरुष डॉक्टर असतील तर अनेकजणी अर्ध्या वाटेवरूनच परततात. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्यात संसर्गाचा वाटा निम्म्याच्या आसपास होता. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. दवाखाना असूनही बाई तिथवर पोहोचत नाही, हे त्या अभ्यासानं आकड्यांत दाखवलं.

उपचार न मिळण्याचीही किंमत असते, असं या बाजूचे लोक बजावतात. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये राज्यभर चर्चा झाली आणि सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अंगावरून पांढरं जाणं, पाळीचा त्रास, पोटदुखी या तक्रारी वर्षानुवर्षं अंगावर काढायच्या आणि शेवटी थेट ऑपरेशनला जायचं, हे त्या चर्चेत पुन्हा पुन्हा समोर आलं.

दुसरी भूमिका : आधी निदान, मग गोळी

दुसऱ्या बाजूचे डॉक्टर गोळीला नावं ठेवत नाहीत. त्यांना खटकतो तो गोळीआधीचा अंदाज. खाज आणि पांढरा स्राव कॅन्डिडामुळे होतो, तसाच जिवाणूंचा समतोल बिघडल्यानं आणि ट्रायकोमोनास या परजीवीमुळेही होतो. या दोन्हींवर फ्लुकोनॅझोल निरुपयोगी आहे. अमेरिकेत दुकानातून स्वतःच बुरशीचं औषध घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी केली गेली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निव्वळ यीस्टचा संसर्ग जेमतेम एक तृतीयांशजणींना निघाला.

आपल्याकडे गुंता आणखी आहे. ‘पांढरं जातंय’ ही तक्रार नेहमी संसर्गाची असतेच असं नाही. पाळीच्या चक्रात काही दिवस स्राव वाढणं स्वाभाविक असतं, पण आपल्या घराघरांत त्याचा संबंध अशक्तपणाशी, कंबरदुखीशी, ‘अंगातली ताकद जाण्या’शी जोडला जातो. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत स्रावाच्या तक्रारीचा संबंध संसर्गापेक्षा मानसिक ताण आणि सामाजिक परिस्थितीशी अधिक घट्ट निघाला. अशा बाईला दर महिन्याला फ्लुको दिली, तर तिचं मूळ दुखणं ऐकून घेणारं कुणी भेटत नाही.

यावर या गटाचा उपाय महागडा नाही. स्रावाचा नमुना काचपट्टीवर घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाकायचा, वर पातळ काच ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. पेशी विरघळून पुसट होतात आणि बुरशीचे तंतू व कोंब फुटलेल्या पेशी उठून दिसतात. सोबत आम्लता दाखवणारी कागदी पट्टी असली की निदान आणखी पक्कं होतं: यीस्टमध्ये पीएच बहुधा ४.५ पर्यंत राहतो, जिवाणूंच्या बिघाडात त्याच्या वर जातो. हे सगळं काही मिनिटांचं काम आहे. नांदेडच्या विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था यांच्यासारख्या ठिकाणी ते रोजचं आहे. तालुक्याच्या खालच्या पातळीवर मात्र सूक्ष्मदर्शक, तो पाहणारा तंत्रज्ञ आणि बाईचा मोकळा वेळ हे तिन्ही एका दिवशी जुळून यावे लागतात.

तिसरी वाट : हिरवी किट

या दोन टोकांच्या मध्ये सरकारनं एक वाट काढली आहे. एड्स नियंत्रण कार्यक्रमात लक्षणांवरून उपचार करण्यासाठी रंगीत किट ठरवल्या गेल्या. योनीस्रावासाठी किट क्रमांक दोन, रंग हिरवा: सेक्निडॅझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम, दोन्ही एकाच वेळी. एक औषध जिवाणू आणि परजीवी सांभाळतं, दुसरं यीस्ट. ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाच्या केंद्रांत समुपदेशनासोबत अशा किट दिल्या जातात.

या पद्धतीचा गुण असा की बाई पहिल्याच भेटीत उपचार घेऊन जाते. दोष असा की जिला यीस्ट नाही तिलाही बुरशीचं औषध मिळतं. किटच्या समर्थकांच्या मते ही किंमत परवडणारी आहे. विरोधकांच्या मते अशा अनावश्यक गोळ्यांमधूनच औषधाला न जुमानणारी बुरशी पोसली जाते. प्रशिक्षित माणसानं किट देणं आणि दुकानातून औषधांची एकत्र पुडी विचारपूस न करता विकली जाणं यांत मात्र फरक आहे, हे दोघांनाही मान्य आहे.

नायट्याची साथ

गेल्या दहा-बारा वर्षांत या चर्चेला वेगळं वळण लागलं ते नायट्यामुळे. पूर्वी दोन आठवड्यांत जाणारा नायटा आता महिनोन्‌महिने हटत नाही, घरातल्या सगळ्यांना होतो, बरा होऊन परत येतो. या साथीमागच्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं. नावातच भारत आहे. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही.

त्वचारोगतज्ज्ञ याचा मोठा दोष स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र कालवलेल्या मलमांना देतात. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आत पसरत राहते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं स्टेरॉइडच्या मलमांना चिठ्ठीची अट घातली आणि त्याच वर्षी ३२८ मिश्र औषधांवर बंदी आणली, त्यांत अशी काही मलमंही होती. तरी ‘चट्ट्यावरची ट्यूब’ मागणारे संपले नाहीत. लातूरमधल्या शिकवणीच्या मुलांच्या वसतिगृहांचा विचार केला तर प्रश्न डोळ्यांपुढे येतो: एका खोलीत चारजण, एकाच दोरीवर टॉवेल, अर्धवट वाळलेल्या जीन्स, आणि पाणीटंचाई असली तर धुण्यावरही मर्यादा. अशा ठिकाणी एकट्यालाच गोळ्या देऊन भागत नाही.

नायट्यासाठी हल्ली इट्राकोनॅझोल जास्त लिहिलं जातं. त्याची साधी कॅप्सूल भरल्या पोटी घ्यावी लागते, कारण ती शोषली जायला पोटात आम्ल लागतं. सोबत आम्लपित्ताची गोळी चालू असेल तर औषध नीट उतरत नाही. कॅप्सुलीतल्या दाण्यांच्या दर्जात कंपनीगणिक फरक असतो, हाही त्वचारोगतज्ज्ञांमध्ये चर्चेत असलेला मुद्दा आहे. नायट्यावर फ्लुकोनॅझोल किती कामाचं याबद्दल मात्र बहुतेक तज्ज्ञ साशंक आहेत.

जिथे दुमत नाही

इतक्या मतभेदांतही सुरक्षिततेच्या काही बाबींवर सगळे एकत्र येतात.

साध्या, कधीतरी होणाऱ्या योनीसंसर्गाला १५० मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. आराम एक-दोन दिवसांत सुरू होतो. आठवड्यात फरक पडला नाही तर दुसरी गोळी घेण्यापेक्षा तपासणी करावी. संसर्ग तीव्र असेल तर डॉक्टर ७२ तासांच्या अंतरानं दोन किंवा तीन गोळ्या देतात.

चालू असलेली औषधं सांगणं सगळ्यांत महत्त्वाचं. फ्लुकोनॅझोल यकृतातल्या काही विकरांना अडवतं, त्यामुळे इतर औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. वॉरफॅरिन घेणाऱ्याला रक्तस्राव होऊ शकतो. फिटसाठी फेनिटॉइन घेणाऱ्याला गुंगी आणि तोल जाण्याचा त्रास होतो. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांमुळे साखर एकदम उतरू शकते. काही स्टॅटिनमुळे स्नायूंना इजा होते. आम्लपित्ताच्या अनेक कॅप्सुलांत डॉम्पेरिडोन असतं, ते आणि फ्लुकोनॅझोल एकत्र घेतलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर उलट फ्लुकोनॅझोलच कमी पडतं. एका गोळीत हे धोके कमी, लांबच्या कोर्समध्ये जास्त.

यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार, हृदयाच्या ठोक्यांचा दोष आणि आधीची ॲलर्जी असणाऱ्यांनी स्वतःच्या मनानं गोळी घेऊ नये. मळमळ, डोकेदुखी, पोटात दुखणं हे नेहमीचे परिणाम. डोळे-लघवी पिवळी होणं, अंगावर फोड उठणं ही ताबडतोब दवाखान्यात जाण्याची चिन्हं. काहींना दर वेळी गोळी घेतली की त्याच ठिकाणी काळपट चट्टा उठतो. तो बुरशीचा समजून आणखी एक गोळी घेतली जाते, प्रत्यक्षात तो गोळीचाच असतो.

आणि संसर्ग परत परत होत असेल तर आधी साखर तपासावी, गरजेप्रमाणे एचआयव्हीचीही चाचणी करावी. इथे एक नवी गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर लघवीतून बाहेर टाकतात, त्यामुळे जननेंद्रियांत यीस्ट वाढते, स्त्रियांत आणि पुरुषांतही. भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ मध्ये. दोन्ही आता सामान्य माणसाच्या आवाक्यात आली आहेत. ती उपयुक्त औषधं आहेत, मनानं बंद करू नयेत. पण खाज सुटलेल्या पन्नाशीच्या गृहस्थाला त्याची मधुमेहाची गोळी कोणती, हे विचारायलाच हवं.

जे अजून सुटलेलं नाही

पहिला प्रश्न गरोदरपणाचा. २०१३ मधल्या डेन्मार्कच्या मोठ्या अभ्यासात एकूण जन्मदोष वाढलेले दिसले नाहीत. हृदयाचा एक विशिष्ट दोष वाढलेला दिसला, पण तो सात बाळांपुरता. २०१६ मध्ये त्याच देशातल्या दुसऱ्या अभ्यासात कमी मात्रेनंतरही गर्भपाताचं प्रमाण सुमारे दीडपट दिसलं. कारण औषध की मूळ आजार, यावर वाद चालू आहे. व्यवहारात मात्र उत्तर ठरलेलं आहे: गरोदर बाईला गोळी टाळायची, योनीमार्गात वापरायची क्लोट्रिमॅझोलसारखी औषधं सात दिवस द्यायची. पाळी चुकली आहे का, हा प्रश्न म्हणून काउंटरवरही विचारला गेला पाहिजे.

दुसरा, वारंवार होणाऱ्या संसर्गाचा. आठवड्याला एक गोळी सहा महिने, ही पद्धत २००४ च्या एका अभ्यासानं रुळवली. सहा महिन्यांअखेर सुमारे ९१ टक्के स्त्रिया त्रासमुक्त होत्या, पण गोळी थांबवून आणखी सहा महिने गेल्यावर ४३ टक्केच उरल्या. आजार दबतो, मुळापासून जातोच असं नाही. अमेरिकेत त्यावर नवी औषधं मंजूर झाली आहेत, पण त्यांतल्या काहींवर गरोदरपणाच्या दृष्टीनं कडक निर्बंध आहेत.

तिसरा, प्रतिकाराचा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली. कॅन्डिडा ऑरिस आणि नेहमीची कॅन्डिडा अल्बिकन्स दोन्ही तिच्या वरच्या गटात आहेत. लातूर-नांदेडच्या सोयाबीनवर टेब्युकोनॅझोलसारखी बुरशीनाशकं फवारली जातात, तीही फ्लुकोनॅझोलच्याच ॲझोल कुळातली. शेतातल्या फवारणीचा आणि रुग्णातल्या प्रतिकाराचा संबंध ॲस्परजिलस बुरशीत चांगला सिद्ध झाला आहे. कॅन्डिडात तसा पुरावा अजून तोकडा आहे.

चौथा, अंमलबजावणीचा. चिठ्ठीशिवाय विक्री नको, हा नियम कागदावर जुनाच आहे. २०१२ च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर कारवाया झाल्या आणि औषधविक्रेत्यांनी त्याविरुद्ध बंदही पुकारला. चिठ्ठी सक्तीची केली तर खेड्यातली बाई उपचाराविना राहील का, आणि सैल सोडली तर चुकीच्या गोळ्या वाढतील का, या दोन्ही भीती खऱ्या आहेत.

काउंटरवर परत

तिन्ही भूमिका एकमेकींच्या वाटतात तितक्या विरोधात नाहीत. गोळी सहज मिळावी म्हणणाऱ्यांनाही ब्रिटनसारखा विचारपूस करणारा फार्मासिस्ट हवा आहे. तपासणीचा आग्रह धरणाऱ्यांनाही माहीत आहे की प्रत्येक वाडीत सूक्ष्मदर्शक नेता येणार नाही. या दोन्हींच्या मधली जागा आज रिकामी आहे आणि ती बहुतेक वेळा काउंटरवरच्या त्या मुलाच्या हातात आहे.

पाळी चुकली आहे का? शुगरच्या, बीपीच्या, फिटच्या गोळ्या चालू आहेत का? वर्षात पुन्हा पुन्हा होतंय का? ताप आहे, ओटीपोटात दुखतंय, घाण वास येतोय का? पहिल्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर गोळी परत ड्रॉवरमध्ये जाते. बाकीच्यांना आलं तर आधी डॉक्टर. हे विचारायला सुटे पैसे मोजण्याइतकाच वेळ लागतो. मात्र ते विचारणारा माणूस शिकलेला हवा, आणि दुकानात एवढा आडोसा हवा की बाईला उत्तर देताना मागे वळून पाहावं लागू नये.